आधी स्वतःचं बिल वाचायला शिका

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी घरातल्याच एका खोलीत ॲक्रिलिकचे नामफलक, दारावरच्या पाट्या आणि कार्यालयांसाठी मानचिन्हं बनवते. गेल्या वर्षी विक्री साधारण १८ लाखांची झाली. आता दोन कंपन्या मोठ्या ऑर्डर द्यायला तयार आहेत, पण जीएसटी नंबर असेल तरच. मी कला शाखेची पदवीधर. माझा हिशेब म्हणजे बिलांची एक पिशवी आणि मोबाइलमधले बँकेचे मेसेज. मार्चनंतर ती पिशवी सीएंकडे जाते. ते म्हणतात, तुमच्या मालाला १८ टक्के कर लागेल, बाकीचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका. भाऊ म्हणतो, सहा महिन्यांचा टॅलीचा कोर्स कर. सासऱ्यांचं पूर्वी दुकान होतं. ते म्हणतात, सेल्स टॅक्सच्या मागे लागलीस की धंदा करायचा राहूनच जाईल. काम भरपूर आहे, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही आणि का उरत नाही तेही कळत नाही. मला अकाउंटंट व्हायचं नाही. पण किती शिकू, कुठून शिकू? आणि नोंदणी करू की नको?

उत्तर

प्रिय ताई,

हिशेबाचा प्रश्न वेगळा आणि कराचा वेगळा, अशी मांडणी तुम्ही केली आहे. मला ते दोन्ही एकच वाटतात. नोंदणी तुमच्या फायद्याची आहे की तोट्याची, हे कोणताही सल्लागार तुमच्या वह्या पाहिल्याशिवाय सांगू शकणार नाही, आणि तुमच्याकडे आज वह्याच नाहीत. म्हणून सुरुवात तिथून करू. शिकायचं साहित्य त्या पिशवीतच पडलेलं आहे.

महिनाअखेर काही का उरत नाही, याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आधी तपासा. धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच खात्यातून फिरताहेत का? पत्रावरून तरी तसंच दिसतंय. एका ऑर्डरचे आगाऊ पैसे येतात, त्यातून शाळेची फी जाते. मग शीट उधारीवर आणावी लागते आणि उधारीचा भाव चढा असतो. यात चूक घरखर्चाची नाही. घरासाठीच तर आपण कमावतो. अडचण एवढीच, की किती उचललं याची कुठे नोंद नसते. व्यवसायाच्या नावाने वेगळं चालू खातं उघडा आणि सगळी विक्री, सगळी खरेदी त्यातूनच होऊ द्या. घरासाठी पैसे काढाल ते 'उचल' या नावाने लिहा. उचल हा धंद्याचा खर्च नाही. तुम्ही धंद्यात घातलेल्या भांडवलातून आणि त्यावर झालेल्या नफ्यातून घेतलेली ती रक्कम आहे. नफा ४० हजार आणि उचल ५५ हजार असा महिना गेला तर धंदा तोट्यात नाही, पण भांडवल १५ हजारांनी कमी झालं. अशा दोन महिन्यांनी शीट आणायला पैसे उरत नाहीत आणि आपल्याला वाटतं, धंदाच चालत नाही.

आता वही. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि दोन्ही लिहायच्या, एवढंच दुहेरी नोंदीचं तत्त्व आहे. व्हेनिसचे व्यापारी ही पद्धत वापरत होते आणि लुका पाचोली या गणिती भिक्षूने १४९४ मध्ये ती छापील पुस्तकात मांडली. पाचशे वर्षांत तिच्यात मुळातून काही बदललं नाही, कारण ती स्वतःच स्वतःची चूक दाखवते. तुम्ही दहा हजारांचं शीट उधार आणलं, तर माल दहा हजारांनी वाढला आणि पुरवठादाराचं देणंही तेवढ्यानेच वाढलं. पुढच्या महिन्यात त्याला पैसे दिले, की देणं मिटलं आणि बँकेतली शिल्लक कमी झाली. पैसे दिले त्या दिवशी नवा खर्च काहीच झालेला नाही, खरेदी आधीच झाली होती. हा फरक ज्या दिवशी मनात बसेल, त्या दिवशी निम्मा विषय तुमचा झाला.

नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) यांचे नियम पाठ करताना बहुतेक जण एका ठिकाणी अडखळतात, ती जागा आधीच सांगून ठेवते. पैसे आले की बँकेचा मेसेज येतो, 'खाते क्रेडिट झाले'. तुमच्या वहीत मात्र त्याच रकमेने बँक खातं नावे होतं. दोन्ही बरोबर आहे. मेसेज बँकेच्या वहीतला आहे, आणि तुमची ठेव हे बँकेच्या दृष्टीने तुम्हाला द्यायचं देणं आहे. तुमच्या वहीत तीच तुमची मालमत्ता. म्हणून महिन्यातून एकदा बँकेचं विवरण आणि आपली वही शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवायची. न वटलेला धनादेश, बँकेने परस्पर कापलेलं शुल्क, दोनदा लिहिलेली एखादी पावती हे सगळं या जुळवणीतच सापडतं. मला एकच सवय लावायला सांगितली, तर मी हीच सांगेन.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाला थेट लागू होते. लेझर कटिंगचं यंत्र घेतलंत, तर त्याची सगळी किंमत त्या महिन्याचा खर्च म्हणून लिहू नका. यंत्र अनेक वर्षं काम देतं, म्हणून ते मालमत्तेत दाखवून दरवर्षी घसाऱ्याच्या रूपाने थोडं थोडं खर्चात टाकतात. यंत्राचा हप्ता भरता त्यातही व्याज तेवढा खर्च असतो, मुद्दल म्हणजे कर्जाची परतफेड. पूर्ण हप्ता खर्चात लिहिला तर धंदा आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. उलट घसारा विसरला तर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि आपण पाटीची किंमत कमी लावून बसतो. किंमत ठरवताना वीज, शीटची वाया जाणारी कात्रणं, फिटिंगचे स्क्रू, डबा आणि तुमचा स्वतःचा वेळ यांपैकी किती धरता? हे एकदा कागदावर मांडून पाहा.

इथून कराकडे वळू. सासऱ्यांचा अनुभव खोटा नाही. त्यांच्या काळात महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा होता. मग १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. परराज्यातून माल आणला की त्यावर भरलेल्या केंद्रीय विक्रीकराची वजावट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सोय, मिळत नसे. तो खर्चातच जाई, जकातीचं तर सोडाच. आज परराज्यातल्या खरेदीवरच्या कराचीही वजावट मिळते. त्यांच्या भीतीला कारण होतं, पण ती व्यवस्था आता राहिलेली नाही, हे त्यांना मुद्दाम बसून सांगा. त्यांचा दुकानाचा अनुभव तुम्हाला उधारीच्या वसुलीत उपयोगी पडेल.

जीएसटीचं गणित तुमच्याच एका ऑर्डरवर करून पाहू. समजा, १०,००० रुपयांचं साहित्य आणलं, त्यावर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये कर. आज तुमची नोंदणी नाही, म्हणून ते १,८०० परत मिळत नाहीत आणि साहित्य तुम्हाला ११,८०० ला पडतं. तयार फलक तुम्ही १६,००० ला विकता. हातात ४,२०० राहतात. त्यातून वीज, मजुरी वगैरे.

आता नोंदणी आहे असं धरा आणि गिऱ्हाईक नोंदणीकृत कंपनी आहे. तुम्ही बिल करता १६,००० अधिक कर २,८८०. कंपनी १८,८८० देते, पण तिला २,८८० ची वजावट मिळते, म्हणजे तिला फलक १६,००० लाच पडला. तुम्ही गोळा केलेल्या २,८८० मधून खरेदीवर दिलेले १,८०० वजा करता आणि सरकारला १,०८० भरता. तुमचे राहिले १६,००० वजा १०,०००, म्हणजे ६,०००. गिऱ्हाइकाला एक रुपयाही जास्त पडला नाही आणि तुमचे १,८०० वाढले.

हाच फलक एखाद्या घराच्या दारासाठी विकला तर? त्या कुटुंबाला वजावट नाही. भाव १६,००० च ठेवलात, तर कर त्यातूनच काढावा लागेल. इथे बरेच जण १६,००० चे १८ टक्के काढतात. ते चूक आहे. करासहित रकमेला १.१८ ने भागायचं. मूळ किंमत येते सुमारे १३,५५९ आणि कर सुमारे २,४४१. साहित्याचे १०,००० गेले की हातात ३,५५९. आधीपेक्षा ६४१ कमी. आधीचेच ४,२०० राखायचे असतील, तर मूळ भाव १४,२०० धरा, करासहित तो १६,७५६ होतो. म्हणजे नोंदणी झाली म्हणून घरगुती गिऱ्हाइकाला सरसकट १८ टक्के भाववाढ सांगण्याची गरज नाही. ७५६ रुपये वाढवून तुमचा आजचा नफा जसाच्या तसा राहतो.

तर नोंदणी करू की नको, याचं उत्तर तुमच्या एकूण विक्रीत कंपन्यांचा वाटा किती आणि घरांचा किती, यावर ठरतं. या आकड्यांत कंपनीची एक ऑर्डर घरगुती दोन-तीन ऑर्डरींमधली घट भरून काढते. माझा अंदाज, तुमच्यासाठी नोंदणी फायद्याची ठरेल, कारण पुढची वाढ कंपन्यांकडूनच येणार आहे. पण तो अंदाज माझा आहे. गेल्या बारा महिन्यांची बिलं 'कंपनी' आणि 'घर' अशा दोन गठ्ठ्यांत लावून बेरीज करा आणि मग ठरवा. हेच तुमचं पहिलं हिशेबाचं काम समजा.

कायद्याच्या मर्यादाही माहीत असू द्या. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात आर्थिक वर्षात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्याला ती मर्यादा २० लाख आहे. तुम्ही फलक बसवून देण्याचे वेगळे पैसे लावत असाल, तर हा मुद्दा सीएंना स्पष्ट विचारा, कारण ४० लाखांची सवलत निव्वळ मालासाठी आहे आणि तुम्ही १८ लाखांवर आहात. महाराष्ट्राबाहेर माल विकायचा असेल, तर उलाढाल कितीही लहान असली तरी सहसा आधी नोंदणी लागते. एखाद्या ओळखीच्यांनी दुसऱ्या राज्यातून पाटी मागवली की हे लक्षात ठेवा. आणि जोपर्यंत नोंदणी नाही, तोपर्यंत बिलावर कर लावून तो घ्यायचा नाही. कायद्याने ते चालत नाही. कंपनी म्हणाली, 'बिलावर जीएसटी लिहा, नंबर नंतर द्या', तरी नाही.

कोणी तुम्हाला कंपोझिशन योजना सुचवेल. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या उत्पादकाला त्यात उलाढालीच्या फक्त एक टक्का कर असतो, तिमाहीला भरायचा. ऐकायला सोपं. पण तो कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, तुमच्या खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, परराज्यात विकता येत नाही, आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडून घेणाऱ्या कंपनीला काहीच वजावट मिळत नाही. जिच्यासाठी नोंदणी करताय तिलाच उपयोग नाही. सगळा माल थेट घरोघरी विकणाऱ्याला ही योजना चांगली आहे, तुम्हाला नाही.

आता ज्या जागी नव्याने नोंदणी केलेले छोटे व्यावसायिक सगळ्यात जास्त अडकतात, तिथे थोडं थांबते. गिऱ्हाइकाने दिलेल्या १८,८८० पैकी २,८८० तुमचे नाहीत. ते तुमच्या खात्यात काही दिवस राहायला आले आहेत. वहीत त्यांची नोंद विक्रीत करायची नाही, 'देय कर' या देण्याच्या खात्यात करायची. खरेदीवर दिलेले १,८०० देखील खर्चात जात नाहीत, 'येणे कर' या मालमत्तेच्या खात्यात जातात. महिनाअखेर या दोन खात्यांतला फरक भरायचा. सुरुवातीला मी म्हटलं ना, हिशेब आणि कर एकच, ते यामुळे: कर म्हणजे वहीतलीच ही दोन खाती. पैसे आले त्याच दिवशी कराचा भाग एका वेगळ्या बचत खात्यात हलवा. कोणताही नियम हे सांगत नाही, हा माझा आग्रह आहे. कर उशिरा भरला तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागतं. विवरणपत्र उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि त्या काळात एकही व्यवहार नसला तरी दिवसाला २०. काम बंद असलेल्या महिन्यातही विवरणपत्र भरावंच लागतं, हे अनेकांना दंड बसल्यावर कळतं.

याहून कठीण गोष्ट अशी, की कर बिलाच्या तारखेवर देय होतो, पैसे मिळाल्याच्या तारखेवर नाही. जानेवारीत कंपनीला बिल केलं, कंपनीने एप्रिलमध्ये पैसे दिले, तरी मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला त्यावरचा कर २० फेब्रुवारीपर्यंत भरावा लागतो. म्हणजे तुम्ही कंपनीचा कर स्वतःच्या खिशातून आधी भरता. मोठ्या ऑर्डरचा आनंद होतो, पण हे गणित आधी केलं नाही तर तीच ऑर्डर तुमचं खेळतं भांडवल शोषून घेते. त्यावर दोन उपाय. एक, दर लावतानाच पैसे किती दिवसांत मिळतील हे लेखी ठरवा आणि आगाऊ रक्कम मागा. मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर जीएसटी लगेच लागत नाही, बिल केल्यावर लागतो. सेवेसाठीच्या आगाऊ रकमेवर मात्र लागतो. दुसरा उपाय, 'उद्यम' ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ही मुदत चुकवून वर्षअखेर पैसे थकीत ठेवले, तर त्या वर्षी खरेदीदाराला प्राप्तिकरात तो खर्च वजा करता येत नाही. म्हणून कंपन्यांचे लेखा विभाग मार्चमध्ये अशा बिलांकडे लक्ष देतात. तुमचा उद्यम क्रमांक बिलावर छापा, म्हणजे त्यांना तो शोधावा लागणार नाही.

खरेदीच्या बाजूलाही सावध राहायचं. वजावट मिळण्यासाठी नुसतं बिल पुरत नाही. पुरवठादाराने ते बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवलेलं असलं पाहिजे, तरच ते तुमच्या जीएसटीआर-२बी या विवरणात दिसतं, जे दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर तयार होतं. त्यात बिल दिसलं नाही, तर पुरवठादाराला फोन करायचा, आणि तो तुमच्या सीएंनी नव्हे, तुम्हीच करायचा. माल तुमचा, ओळख तुमची. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. घरासाठी घेतलेल्या वस्तूंवरची वजावट मिळत नाही, त्या बिलावर चुकून तुमचा क्रमांक असला तरी. पुरवठादार नवा असेल, तर त्याचा क्रमांक पोर्टलवर टाकून पाहा, विनामूल्य दिसतो. पंधरा अक्षर-अंकांपैकी पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि त्यापुढचे दहा म्हणजे त्याचा पॅन. हे कळलं की चुकीचा क्रमांक पुष्कळदा नजरेलाच खटकतो.

तुमच्या स्वतःच्या बिलावर क्रमाने जाणारा आणि त्या वर्षात पुन्हा न येणारा क्रमांक हवा, तो १६ अक्षर-अंकांपेक्षा लांब चालत नाही. मालाचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा ठरलेला क्रमांक हवा, गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक हवा. राज्यातल्या राज्यात विकलं तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असा दोन ओळींत कर, परराज्यात विकलं तर १८ टक्क्यांची एकच एकात्मिक कराची ओळ. कराचे टप्पे २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आहेत, बऱ्याच वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या आहेत. म्हणून तुमच्या प्रत्येक प्रकारच्या मालाचा कोड आणि दर सीएंकडून लेखी घ्या. ॲक्रिलिकची पाटी आणि लाकडी किंवा धातूचं मानचिन्ह यांना एकच दर असेलच असं धरून चालू नका.

विवरणपत्रांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही पद्धत निवडता येते. तरीही पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचाच असतो. तिमाहीत कंपन्यांना केलेली बिलं दर महिन्याला १३ तारखेपर्यंत वेगळी चढवण्याची सोय आहे. ती वापरा, नाहीतर कंपनीला तिची वजावट तीन महिने दिसणार नाही आणि तिचा लेखा विभाग तुमचे पैसे रोखून धरेल.

सीएंबद्दल. 'मी बघतो' हे ते आपुलकीने म्हणत असतील. विवरणपत्र भरणं, वर्षअखेरचा ताळेबंद, नोटिशीला उत्तर ही कामं त्यांच्याकडेच राहू द्या, त्यांच्या फीचे पैसे वसूल होतात. पण पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच असला पाहिजे. सल्लागाराचा मोबाइल नोंदवलेला, नोटिसा त्याच्याकडे गेलेल्या आणि व्यावसायिकाला बँक खातं गोठल्यावर पत्ता लागलेला, असे प्रकार मी पाहिले आहेत. कराची रक्कम सल्लागाराच्या हातात देऊ नका, चलन काढून तुमच्याच खात्यातून भरा. प्रत्येक वेळी विवरणपत्राची प्रत मागा आणि त्यातले विक्रीचे, वजावटीचे आणि भरलेल्या कराचे, असे तीनच आकडे आपल्या वहीशी ताडून पाहा. न जुळल्यास विचारा. चांगला सीए या प्रश्नाने दुखावत नाही, त्याचं काम हलकं होतं.

ते असंही सांगतील, की छोट्या व्यवसायाला प्राप्तिकरात अंदाजित नफ्याची सोय आहे: उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवा, सविस्तर वह्या नकोत. खरं आहे आणि तुम्ही ती सोय घ्यावीही. पण खरा नफा १४ टक्के आहे की ४, हे तुम्हाला कळलं पाहिजे. कायद्याला वही नको असली तरी तुम्हाला ती हवी आहे. जीएसटीसाठी नोंदी तर ठेवाव्याच लागतात, आणि त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे ७२ महिने जपाव्या लागतात.

भावाने सांगितलेला कोर्स आत्ता नको असं माझं मत आहे. सॉफ्टवेअर वाईट म्हणून नाही. व्यवहार कोणत्या दोन खात्यांत जातो हे माहीत नसताना कळा दाबायला शिकलं, तर चुका फक्त छापील दिसू लागतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीचं पुस्तपालनाचं मराठी पाठ्यपुस्तक मोफत मिळतं. त्यातली रोजकीर्द, खातेवही, बँक जुळवणी, घसारा आणि एकल व्यापाऱ्याची अंतिम खाती एवढीच प्रकरणं घ्या. प्रत्येक प्रकरणातली दोन उदाहरणं सोडवा आणि मग तिसरं उदाहरण म्हणून स्वतःचा गेला महिना मांडा. पुस्तकातली काल्पनिक दुकानं कंटाळवाणी वाटतील, तुमचा महिना वाटणार नाही. तीन महिने हाताने किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये लिहा. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज, जुळायला लागली की मग टॅली किंवा दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर आठवड्याभरात हाताखाली येईल. जीएसटीसाठी वेगळं पुस्तक आत्ता घेऊ नका. नियम बदलत राहतात, आणि तुम्हाला लागणारे नियम तुमच्याच बिलांच्या निमित्ताने समजत जातील.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. पिशवी उलटी करा, महिन्यांप्रमाणे गठ्ठे लावा, आणि सगळ्यात अलीकडच्या महिन्यापासून मागे जात लिहा. सगळ्या वर्षांचं एकदम लिहायला बसू नका, एक वर्ष पुरे. कोणाकडून किती येणं आहे याची यादी त्यातूनच निघेल आणि त्यातले काही पैसे मागायचे राहून गेलेत, हे बहुधा पहिल्याच दिवशी दिसेल.

नोंदणीचा निर्णय झाला, तर अर्जाला सरकारी शुल्क नाही. पण अर्ज टाकण्याआधी खोलीतला साठा मोजायची तयारी करून ठेवा. स्वेच्छेने नोंदणी घेणाऱ्याला, नोंदणी मिळाली त्याच्या आदल्या दिवशी हातात असलेला कच्चा माल, अर्धवट तयार फलक आणि तयार माल यांच्यात गेलेल्या खरेदीवरचा कर वजावट म्हणून मिळतो. अट एवढीच, की त्या मालाची जीएसटीची बिलं एक वर्षाच्या आतली असावीत. यंत्रावरचा कर यात येत नाही. साठ्यावरच्या या वजावटीसाठी नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांत आयटीसी-०१ हा फॉर्म भरावा लागतो आणि वजावट दोन लाखांच्या वर असेल तर सीएंचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्याकडे दोन लाखांची शीटं पडून असतील, तर हे सरळ ३६ हजार रुपये आहेत. सीएंना हा फॉर्म तुम्हीच आठवणीने विचारा, आणि त्या शीटांची बिलं आजच वेगळ्या पाकिटात काढून ठेवा.